बेचाळिसावा पेला

एकेचाळिसाव्या पेल्याशी चाखणरावांचा चमचा थांबला, कारण खिडकीतलं ऊन त्या पेल्यात पोहायला लागलं होतं.

म्हणजे त्यांना तसं दिसलं. पाच महिने धड झोप नसली की माणसाला काय काय दिसतं! चहाच्या कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांचं एकच काम: लांब टेबलावरच्या पांढऱ्या पेल्यांतून चमचाभर चहा सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, डाव्या पायाशी ठेवलेल्या बादलीत थुंकायचा आणि वहीच्या चौकटीत दोन शब्द लिहायचे. कुठला चहा कुठल्या पोत्यात जायचा, ते त्या दोन शब्दांवर ठरे. त्यांचं खरं नाव आता कुणाला आठवत नव्हतं.

झोप उडाल्यापासून बायकोने कंबर कसली होती. आधी संध्याकाळचा चहा बंद झाला. मग रात्रीचं तिखट. मग जेवण दिवेलागणीच्या आत, निजताना कोमट दूध, आणि चॉकलेटला तर घराचा उंबरठाच बंद. शेजारीण कच्च्या कांद्याबद्दल काहीबाही बोलली, तर जेवणातला त्यांचा लाडका कांदाही गेला. चाखणराव सगळं निमूटपणे पाळत, छताकडे बघत पडून राहत, आणि सकाळी सांगत की लागला होता जरा डोळा.

आज ते डबा विसरले, म्हणून बायको तो घेऊन आली. चाखायच्या खोलीत ती पहिल्यांदाच येत होती. चाखणरावांनी एकेचाळिसावा पेला चाखला, वहीत लिहिलं. ती कौतुकाने बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली.

"अहो, ही बादली कोरडी कशी?"

"सकाळीच धुतलीय."

"आता दुपार झाली. इतका चहा गेला कुठे?"

चाखणरावांनी चष्मा काढून पुसला. "पोटात."

ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "आणि मी त्या बिचाऱ्या कांद्याच्या मागे लागले."

चाखणराव हसले, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. मग पेल्यांकडे बघत त्यांनी सांगून टाकलं. मागे ताप येऊन गेला, तेव्हापासून जिभेला काही कळत नव्हतं. गिळलं तरच नाकामागून क्षणभर काहीतरी वर यायचं, पलीकडच्या खोलीत कुणी गुणगुणावं इतकंच. त्यावर ते लिहीत होते. रोजचे ऐंशी पेले, एकेकाचे दोन-तीन घोट.

"अंदाजाने लिहिता?" तिने हळूच विचारलं.

"एक शब्दही नाही. अंदाज करायची वेळ आली की वही ठेवीन."

त्यांनी बेचाळिसावा पेला ओढला. गिळला. डोळे मिटून वाट बघितली. पुन्हा ओढला. पलीकडच्या खोलीत कुणीच नव्हतं.

बायकोने त्यांच्या हातातून चमचा घेतला आणि सुर्रकन ओढायला गेली. निम्मा चहा हनुवटीवर. "छान आहे की," ती म्हणाली. "उन्हात वाळलेल्या चादरीचा वास येतो ना, तसा."

चाखणराव बघतच राहिले. घरी आजवर कधीही विचारलं, तरी तिचं उत्तर एकच असायचं: गरम आहे. 'स्वच्छ, उबदार' एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं? पेनाचं टोक कागदाला टेकलंही. मग त्यांनी टोपण लावलं, चौकट कोरी ठेवली आणि वही स्वतःच्या हाताने साहेबांच्या टेबलावर ठेवून आले. 'उद्यापासून येत नाही,' म्हटल्यावर साहेब आधी थट्टाच समजले.

त्या रात्री झोप आली नाही. दिवसाचा चहा अंगात होताच. दुसऱ्या दिवशी डोकं ठणकलं, तिसऱ्या दिवशी ते उगाचच भांडले. चौथ्या दिवशी भरदुपारी, जेवता जेवता, कांद्याची चकती बोटांत तशीच धरून त्यांची मान खुर्चीच्या पाठीवर कलली.

बायकोने चकती सोडवून घेतली. पडदा ओढला. झोपेतच त्यांचे ओठ पुढे आले, सुर्र वाजलं, गाल हलले, आणि मान सवयीने डावीकडे झुकली. तिथे काहीच नव्हतं.

ती पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली, एक रिकामं पातेलं आणलं आणि त्यांच्या खुर्चीच्या डाव्या पायाशी ठेवलं.