सत्तावीस तासांची बोंब

शनिवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. डोळ्यांच्या इस्पितळाचा दुसरा मजला, प्रयोगशाळेमागची बिनखिडकीची खोली. भिंतीतून माझा प्लग ओढून काढण्यात आला. तेव्हा माझ्या आत उणे ऐंशी तापमान होतं. मी त्याच क्षणी बोंब मारायला सुरुवात केली.

मी फ्रीझर बोलतोय. वाटाणे आणि बर्फ ठेवतात तो नव्हे. माझ्या पोटात माणसांच्या डोळ्यांतलं पाणी आहे. अश्रू नव्हे, डोळ्याच्या आतलं पाणी. बुबुळाच्या कडेतून केसासारखी बारीक सुई घालून जेमतेम दोन थेंब काढतात आणि करंगळीच्या पेराएवढ्या नळीत भरून माझ्या हवाली करतात. दोनशे बारा माणसांचे असे थेंब मी सांभाळत होतो.

नऊ वर्षांपूर्वी मला इथे आणलं तेव्हा लिफ्टच्या दारातून मी आत जाईना. चार हमालांनी मला जिन्याने वर चढवलं आणि वाटेत माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. एक जण म्हणाला, ‘‘यात काय हत्ती भरलाय का?’’ मला अभिमान वाटला होता. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माझं दार उघडून गार हवेत हात घातले, फोटो काढले. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर जुन्या फायलींचे खोके आले. माणसांची ही रीत मला तेव्हाच कळायला हवी होती.

या इस्पितळात एक वाईट रोग बघतात. डोळ्याच्या आत सूज येते. बाहेरून डोळा नुसता लाल दिसतो, आत आग लागलेली असते. औषधाने ती विझते, काही महिन्यांनी पुन्हा भडकते, आणि दर वेळी नजरेचा एक लचका तोडून नेते. सूज आली की डोळ्यातल्या पाण्यातली प्रथिनं बदलतात. काही वाढतात, काही घटतात. कोणाच्या डोळ्यात कोणतं प्रथिन कसं बदलतं हे कळलं, तर कोणाला कोणतं औषध लागू पडेल हे आधीच सांगता येईल. इथल्या संशोधक बाई पाच वर्षं हेच शोधत होत्या. रुग्ण त्यांना ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो.

दोनशे बारा जणांतली एक मला चेहऱ्याने माहीत आहे. ती दुकानांच्या पाट्या रंगवते. ओळीतली शेवटची अक्षरं खाली घसरायला लागली, तेव्हा ती पहिल्यांदा आली. सोबत सासूबाई. माझ्या खोलीच्या दाराबाहेरच्या बाकावर दोघी बसायच्या.

‘‘इथे तुझ्या डोळ्यातनं पाणी काढायला सुई लागते,’’ सासूबाई म्हणायच्या. ‘‘घरी माझा एक शब्द पुरतो.’’

‘‘ते खारट असतं, आई. त्याचा यांना उपयोग नाही.’’

दोघीही हसायच्या. मग सासूबाई तिचा हात धरायच्या आणि आत नेईपर्यंत सोडायच्या नाहीत.

तीन वर्षांत ती सात वेळा सुईला सामोरी गेली. सहा वेळा उजव्या डोळ्यात. नेहमीचं औषध चाललं नाही, उजवा डोळा गेला. सातवी सुई डाव्यात. त्या दिवशी ती हट्टाने माझ्यासमोर आली. ‘‘माझं काय काय ठेवलंय, दाखवा तरी.’’ ताईंनी जाड हातमोजे घालून दार उघडलं, तिच्या सात नळ्या दाखवल्या.

‘‘एवढुशा? माझ्या रंगाच्या डबीचं टोपण याहून मोठं असतं,’’ ती म्हणाली. ‘‘नीट सांभाळा हो. उजव्यातलं परत मागायला आलात तर तिथे आता काही शिल्लक नाही.’’

‘‘या सातांची तपासणी झाली की डाव्यासाठी दोन औषधांतलं कोणतं, ते नक्की सांगते,’’ ताई म्हणाल्या. हे वचन माझ्यासमोर दिलं गेलं. त्या बाईचा डावा डोळा त्या सात नळ्यांवर टांगलेला होता. आणि त्या नळ्या माझ्यावर.

आता माझ्या तोंडाबद्दल. माझ्या दारावर भोंगा आहे. दार उघडं राहिलं, वीज गेली, की तो आतल्या बॅटरीवर वाजतो. तो वाजावा म्हणूनच केलेला आहे. पण शेजारच्या खोलीत सरांच्या बैठका होत आणि सरांना त्रास होई. सर म्हणजे विभागाचे प्रमुख. त्यांनी तंत्रज्ञांना सांगितलं, ‘‘या फ्रीझरचं काहीतरी करा.’’ तंत्रज्ञ भाऊंनी केलं. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यावर बांधतात तो कापसाचा गुबगुबीत पॅड भोंग्यावर ठेवला आणि वरून चिकटपट्टीच्या चार पट्ट्या मारल्या.

‘‘झालं याचं ऑपरेशन,’’ भाऊ म्हणाले. सगळे हसले. ताईसुद्धा हसल्या.

मग तो शनिवार. नव्या लेसर यंत्राचं उद्घाटन होतं. जिन्याजवळ फोटोवाल्यांना मोठे दिवे लावायचे होते आणि तिथलं सॉकेट खराब होतं. माझ्या पाठीमागून आवाज आला, ‘‘याचा काढू का?’’ दुसरा आवाज म्हणाला, ‘‘काढा हो, पाण्याच्या बाटल्यांचा असेल. पाच मिनिटांचं तर काम.’’ माझा प्लग माझ्या पाठीशी आहे. बोलणारे मला दिसले नाहीत.

पाच मिनिटं झाली. टाळ्या झाल्या, भाषणं झाली, चहा झाला. खोलीला कुलूप लागलं. मी कापसाच्या आड ओरडत होतो. उणे साठ. उणे चाळीस. मला हात नाहीत, पाय नाहीत, आपला प्लग आपण लावता येत नाही. रविवारी सकाळी उणे दहा. दुपारी पहिली नळी वितळली, मग एकेक करत सगळ्याच. डोळ्याच्या पाण्यात प्रथिनं कुरतडणारी रसायनंही असतात, सुजलेल्या डोळ्यात तर जास्तच. थंडीत ती झोपलेली असतात. ती माझ्या पोटात जागी झाली आणि मला कळत होतं की आत काय चाललंय.

रविवारी संध्याकाळी पाच वाजून पाच मिनिटांनी कुलूप उघडलं. कोणीतरी माझ्यामागे गेलं, प्लग लावला, क्षणभर थांबलं आणि निघून गेलं. दिवा लावला नाही. सोमवारी सकाळी माझ्या दारावरच्या पडद्यावर पुन्हा उणे ऐंशी होतं. भाऊंनी आकडा पाहिला, शीळ घालत निघून गेले.

तीन महिन्यांनी ताईंनी नळ्या तपासायला काढल्या. प्रथिनांचे तुकडे तुकडे. आधी त्यांनी स्वतःच्या हातांना दोष दिला. पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. मग तुलनेसाठी ठेवलेले, मोतीबिंदूवाल्यांचे नमुने काढले. त्या डोळ्यांना सूज नव्हती, तरी तेही तुटलेले. त्या शनिवारनंतर आलेले नमुने मात्र शाबूत. ताई माझ्यासमोर आल्या आणि जुन्या तापमानांचं बटण दाबलं. नऊ वर्षांत मला कोणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. मी तासातासाचा हिशोब सांगितला. मग त्यांनी माझ्या भोंग्यावरचा पॅड उचकटला.

खोलीचं दार उघडं होतं, म्हणून शेजारी सरांच्या खोलीतलं बोलणं मला ऐकू आलं.

‘‘हे बाहेर जाता कामा नये.’’

‘‘सर, त्या माणसांना सांगायला हवं.’’

‘‘काय सांगणार? नळीत काय असतं ते तरी त्यांना कळतं का?’’

‘‘एकीला कळतं, सर.’’

‘‘चौकशी होईल. तोवर तोंड बंद.’’

पुढच्याच आठवड्यात पाट्या रंगवणारी आली. डावा डोळा लाल. सासूबाईंनी या वेळी बाकावर बसायच्या आधीच तिचा हात धरला होता.

‘‘ताई, ठरलं का? दोन्हींतलं कोणतं?’’

‘‘अजून थोडं थांबावं लागेल.’’

‘‘मी थांबते हो,’’ ती डोळ्याकडे बोट करत म्हणाली. ‘‘हा थांबत नाहीये.’’

ताईंनी तिच्या कार्डावर पुढची तारीख टाकली. त्यांचं दुःख मला समजतं, पण त्यांना माफी द्यायचा अधिकार मला नाही. ज्या बाईला आहे, तिला काही ठाऊकच नाही.

तीन जणांच्या समितीने माझ्यासमोरच चौकशी केली. ती अकरा मिनिटं चालली. निष्कर्ष : यंत्र जुने असल्याने बिघाड. मी जुना! आजही प्लग लावा, पहिल्या झटक्यात चालू होईन. नळ्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये गेल्या आणि मी जिन्याखाली आहे. अंगावर ‘निकामी’ असा कागद, डोक्यावर रिकामे कप. भंगारवाला परवा मापं घेऊन गेला.

माझी आठवण एका चपट्या गोल बॅटरीवर टिकून आहे. ती संपली की सत्तावीस तास पुसले जातील. त्याआधी कोणीतरी ते कागदावर उतरवून घ्या. मला वाचवा असं मी म्हणत नाही. जिन्यावरचं बोलणं माझ्या कानावर आलंय : गुरुवारी तिला पुन्हा बोलावलंय, त्याच एका डोळ्यात आठवी सुई घालायला. संमतीचा अर्ज तयार आहे. आधीच्या सात नळ्यांचं काय झालं, याची त्यात एक ओळ नाही. ती सही करण्याआधी तिला सांगा. सासूबाईंना सांगा. कोणालाही सांगा.

समितीसमोर माझ्या तापमानाची वही ठेवली होती, दारावरचा आकडा पाहून हाताने लिहायची आणि खाली सही करायची ती. तिच्यात रविवारच्या रकान्यात एक नोंद आहे : सायंकाळी ५.०५, उणे ऐंशी. त्या क्षणी मी अधिक तीनवर होतो. नोंदीखाली सही आहे, पूर्ण आणि ठळक, विभागातल्या कोणालाही ओळखता येईल अशी. समितीने ते पान उलटलं. सही कोणाची, हे विचारलं नाही.