चिंच लावलेला लाजवर्द

मला दगडातलं कळतं. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रपणे सांगितलेलं मोहाडीत कुणी ऐकत नाही. तिथल्या शाळेत मी भूगोल शिकवायचो आणि घरी काचेच्या कपाटात दगड जमवायचो. पोरं मागून ‘गोटे मास्तर’ म्हणायची. म्हणोत बापडी.

एकोणऐंशी साली नागपूरच्या एका प्रदर्शनात जयपूरच्या व्यापाऱ्याकडे मला लाजवर्द दिसला. मुठीत मावेल एवढा, घोटून गुळगुळीत केलेला, गर्द निळा, आत सोनेरी कण. तो मिळावा म्हणून मी माझ्या कपाटाचा राजा देऊन टाकला: तुमसरकडच्या खाणीतला काळा मँगनीज, द्राक्षाच्या घडासारखा. लोक म्हणाले, हातचं सोडून पळत्याच्या मागे लागला. अरे, पण मी डोळ्यांनी पारखून घेतला होता!

मग केशवराव आले. नागपूरचे. आमच्यासारख्या दगडवेड्यांत त्यांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. त्यांनी भिंग लावलं, दगड खिडकीशी नेला आणि म्हणाले, "गुरुजी, फसवलं तुम्हाला. साधा दगड रंगवलाय. वरून सोनेरी ठिपके मारलेत."

नेमके आमचे हेडमास्तर मारोतराव तेव्हा चहाला बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळाभर झालं.

मँगनीज गेल्याचं मला दुःख नव्हतं. माझी नजर खोटी ठरली होती, आणि ज्याची नजरच खोटी त्यानं कपाट ठेवावं कशाला? मी कपाटाकडे पाठ करून जेवू लागलो. तसा उपाय होता. खऱ्या लाजवर्दाला आम्ल लागलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो, हे मी वाचलं होतं. पण आम्लानं झिलई मरते. आणि वास आलाच नाही तर? स्पष्टच सांगतो, मी भ्यालो होतो.

माझी बायको निर्मला ही भंडाऱ्याच्या कासाराची लेक. तिच्या माहेरी चिंच म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध. दिवाळीची पितळी भांडी घासायला काढली, त्यात तिनं लाजवर्दही घेतला. चिंच, मीठ आणि वर लिंबू असा जाड लेप देऊन ठेवला. दगड चमकला की नवराही चमकेल, असा तिचा साधा हिशेब.

मी शाळेतून आलो तर ती अंगणात नाकाला पदर लावून उभी.

"अवो, दगड बी सडते का जी? मी त चिंच लावली, आन् अंड्यावानी वास येऊन राहिला."

मी धावलो. दगड पाण्याखाली धरला. एका बाजूची झिलई पार गेली होती, राख फासल्यासारखी.

"चिंच लावाले कोनं सांगतलं तुले?" मी ओरडलो. आणि ओरडता ओरडताच तो वास माझ्या नाकात शिरला.

मग मी त्या घाण झालेल्या चिंचेतच नाक खुपसलं आणि हसत सुटलो. निर्मलाला वाटलं, मास्तर गेले कामातून. मी तिला सगळं समजावलं तेव्हा तीही हसली, पण लगेच कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मंग त्या नागपूरवाल्याले बोलवा. त्यायनं त गावात इज्जत काढली तुमची."

बोलावलं. केशवराव आले आणि ती राखाडी बाजू बघून खूष झाले. "पाहा, उडाला रंग! मी सांगितलं नव्हतं?"

वास तर केव्हाच गेला होता. निर्मलानं चिंचेचा गोळा आणून माझ्यापुढे आपटला. "लावा जी दुसरीकडून. हुंगू द्या त्यायले."

दगडाची उरलेली बाजू अजून तितकीच निळी होती. चिंच लावली असती तर केशवरावांची मान खाली गेली असती आणि दगडाची शोभाही. मी एकदा चिंचेकडे पाहिलं, एकदा केशवरावांकडे. आणि मला एकदम मोकळं वाटलं. या माणसाचा होकार मला हवाय कशाला? नाक माझं, डोळे माझे, दगड माझा.

"राहू दे," मी म्हणालो. "चहा ठेव."

केशवरावांनी चहा घेतला. दगड हातात खालीवर केला. पिशवी खांद्याला लावली तरी दगड हातातच.

"गुरुजी, एवीतेवी खोटाच आहे," ते म्हणाले. "मला द्या. नकली कसा असतो ते लोकांना दाखवायला बरा. बदल्यात माझ्याकडचा एक स्फटिक घ्या." मी दगडासाठी हात पुढे केला. "बरं, दोन घ्या."

निर्मला कपबश्या उचलत होती. "एका खोट्या दगडापायी दोन-दोन खरे कायले देऊन राहिले, भाऊजी?"

केशवरावांनी दगड टेबलावर ठेवला, पण बोटं त्यावरून निघेनात. मीच तो हळूच त्यांच्या हाताखालून काढून घेतला.