राखाडी पट्टीखाली

उन्हाळ्याच्या सुरुवातीला मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. मला आलं असं म्हणतो खरा, पण पाकिटावर माझं नाव नव्हतं. 'फोटो तपासणाऱ्या साहेबांना' एवढंच लिहिलेलं होतं. मी साहेब नाही. नोंदणी कार्यालयात कंत्राटावर बसणारा एक म्हातारा आहे. त्यामुळे हे आपल्यासाठी नसावं, असं स्वतःला समजावायला मला सुरुवातीला बरं निमित्त मिळालं.

आयुष्यभर मी मुद्रितं तपासली. छापखाने बंद पडत गेले, डोळे मात्र शाबूत राहिले, म्हणून कुणीतरी मला इथे चिकटवलं. काम तसं जुन्याच कामासारखं आहे. रस्त्यांवरचे कॅमेरे गाड्यांच्या नंबरपाट्या वाचतात. एखाद्या गाडीचा विमा किंवा नोंदणी संपलेली असली की तिचा फोटो माझ्या पडद्यावर येतो. नोंदीतला रंग, गाडीची बनावट आणि नंबर फोटोशी जुळतात का ते पाहायचं. जुळले तर बटण दाबायचं. पुढची नोटीस यंत्रच मालकाला पाठवतं.

फोटोत पुढच्या काचेवर एक राखाडी पट्टी असते. ती यंत्र आपणहून ओढतं. पूर्वी म्हणे अशाच एका फोटोत नवऱ्याच्या शेजारी भलतीच बाई दिसली आणि एक संसार मोडला. तेव्हापासून गाडीत कोण बसलंय याच्याशी आमचा संबंध नाही. मालकाने लेखी हरकत घेतली तरच तपासणाऱ्याने पट्टी उचलायची, एकट्याने पाहायचं आणि पट्टी परत खाली सोडायची. पाहिलेलं कार्यालयाबाहेर कुणाला सांगायचं नाही. 'नोटीस कायम' किंवा 'नोटीस रद्द' एवढंच लिहायचं.

ते पत्र म्हणजे हरकत होती, आणि नव्हतीही. एका बाईंनी ते लिहिलं होतं. धुतलेल्या चादरी दवाखान्यांना आणि लॉजना पोचवण्याचा त्यांचा धंदा होता. त्यांच्या नावावर दोन वाहनं होती, चादरींची व्हॅन आणि एक निळी मोटार. मोटार नवरा चालवायचा. तलावाच्या वळणावर कठडा तोडून ती पाण्यात गेली, आणि गाळ एवढा की ना मोटार सापडली ना नवरा. बाईंनी रीतसर 'वाहन रस्त्यावर नाही' असं कळवून विमा बंद केला. आणि आता आमच्या नोटिसा त्यांना जात होत्या: तुमची निळी मोटार विम्याशिवाय रस्त्यावर दिसली.

पत्राचा शेवट असा होता: "नोटीस चुकीची आहे असं माझं म्हणणं नाही. गाडीत कोण आहे आणि ती कुठल्या दिशेनं चालली आहे, एवढंच कळवावं."

मी पट्टी उचलली.

रस्ता कोरडा ठणठणीत होता. बाजूची माणसं डोळ्यांवर हात धरून उभी होती, इतकं ऊन. आणि त्या एका मोटारीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. वायपर अर्ध्यावर होते. पाण्यामागे चाक धरून कुणीतरी बसलेलं होतं. त्याहून जास्त काही दिसत नव्हतं. मी त्या मोटारीचे जुने फोटो काढून पाहिले. सगळ्यांत तेच ऊन, तेच वायपर. कॅमेरे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, पण सगळ्या फोटोंत मोटार तलावाकडून शहराकडे येत होती. परत जाताना एकदाही नाही.

आमच्या कक्षप्रमुख मॅडम वयाने माझ्या सुनेएवढ्या आहेत. मी त्यांना पाणी सोडून बाकी सगळं सांगितलं. पाण्याबद्दल बोलायला माझी जीभ रेटेना. त्या म्हणाल्या की हे रोजचंच आहे, कुणीतरी चोर तशीच पाटी करून तशाच मोटारीला लावून हिंडतोय. त्यावर तयार प्रतिज्ञापत्र असतं, 'माझ्या वाहनाच्या पाटीचा अज्ञात इसम गैरवापर करीत आहे.' मालकाने त्यावर सही केली की नोटीस रद्द होते, आणि पुढच्या खेपेला ती मोटार दिसली की फिरतं पथक चौकात अडवून तिला जप्त करतं. मॅडमनी ते बाईंना पाठवलं. ते सहीशिवाय परत आलं.

मग नियमाने पुढचं पाऊल पडलं. एका वाहनाची नोटीस मालक मिटवत नसेल, तर त्याचं दुसरं वाहन उचलून आणायचं. म्हणजे चादरींची व्हॅन, बाईंची रोजीरोटी.

या सगळ्या काळात मी उत्तराचे कच्चे खर्डे करत होतो. 'आपल्या पत्रास अनुसरून' असं लिहायचो आणि थांबायचो. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं नीट केली. स्वतःचं एक करायचं म्हटलं की ते मला खोटं वाटतं किंवा वेडगळ. हे तर दोन्ही वाटत होतं.

जप्तीच्या वेळी तपासनिसाला जागेवर सही करावी लागते, म्हणून मॅडमनी मलाही पाठवलं. गाड्या ओढून नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर हसतमुख माणूस आहे. सगळे त्याला टोचन म्हणतात. मला पाहून तो म्हणाला, "आजोबा, पुढे बसा. मागे बसलात तर उतरताना हाडं मोजून घ्यावी लागतील."

बाईंचं घर एका अरुंद गल्लीच्या टोकाला होतं. एकावेळी एकच वाहन जाईल अशी ती गल्ली होती. घराला लागून पत्र्याचं छप्पर होतं आणि त्याखाली एकाच गाडीची जागा. तिथे व्हॅन उभी होती. अंगणात दोऱ्यांवर चादरी होत्या आणि त्यांच्या आडून बाईंची नणंद बोलली, आम्हाला नव्हे, आत उद्देशून.

"वहिनी, ये बाहेर. तुझ्या मोटारीचे सोयरे आलेत."

बाई बाहेर आल्या. बारीक, नीटनेटक्या, हातात चादरीची घडी. मी कागद वाचून दाखवला. नणंदेचं म्हणणं सरळ होतं. भाऊ तिचाच गेला होता, पण एका सहीसाठी घरातलं चालतं चाक घालवायचं म्हणजे काय? अजून वेळ गेलेली नाही, सही कर आणि मोकळी हो, असं ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

बाईंनी घडी पूर्ण केली. "आणि तो खरंच येत असला तर? चौकात त्याला चोर म्हणून खाली उतरवतील. मग मी काय सांगू त्याला, मीच सही दिली म्हणून?"

"तो गेला, वहिनी."

"मला कुणी दाखवला का?"

बाई माझ्याकडे वळल्या. फोटो तुम्हीच बघता ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्या पुढचं ऐकायला थांबल्या. त्यांचं थांबणं मला अजून आठवतं, कारण ते भांडणाऱ्या माणसाचं नव्हतं. मी माझ्या बुटांकडे पाहत म्हणालो की मला तसा अधिकार नाही.

"बरं," त्या म्हणाल्या आणि व्हॅनची किल्ली टोचनच्या हातावर ठेवली.

टोचन साखळ्या लावत असताना बाई रिकाम्या होत जाणाऱ्या जागेकडे बघत होत्या. ही जागा मोटारीची, त्यांनी मला सांगितलं, व्हॅन पूर्वी बाहेर गल्लीत असायची. तो गेल्यावर रिकामी जागा बघवेना, म्हणून व्हॅन आत घेतली. तेव्हापासून ती रोज रात्री तिथेच.

आम्ही निघालो. गल्लीच्या मध्यावर टोचनने वेग कमी केला, ट्रक डावीकडे भिंतीला अगदी घासून घेतला, क्षणभर थांबला आणि पुन्हा निघाला. समोरून येणाऱ्याला वाट देताना घेतात तसा. समोर काही नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तोवर कार्यालयाने सोबत दिलेल्या, माझ्या मांडीवरच्या छोट्या यंत्राने आवाज दिला. निळी मोटार, विमा नाही. गल्लीच्या तोंडावरचा कॅमेरा. दिशा आत.

मी टोचनला विचारलं की मघाशी कुणासाठी बाजूला घेतलीस.

"घेतली का मी?" तो म्हणाला. मग आरशात व्हॅनकडे बघत त्याने मान हलवली. पुढे कार्यालयापर्यंत त्याने एकही विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या फोटोवरची पट्टी मी उचलली. हरकतीचं पत्र अजून निकाली निघालं नव्हतं, त्यामुळे नियमही मोडला नाही. या वेळी काच कोरडी होती आणि वायपर बंद. वळणाचा दिवा बाईंच्या घराच्या बाजूचा लागलेला. चाकावरचा माणूस स्वच्छ दिसत होता. तो रस्त्याकडे पाहत नव्हता. तो शेजारच्या सीटकडे पाहत होता. त्या सीटवर कुणी नव्हतं, पण तिचा पट्टा ओढून नीट अडकवलेला होता, छातीच्या उंचीवर ताणलेला, जणू आत कुणीतरी मावत होतं.

त्यानंतर ती मोटार एकाही कॅमेऱ्यात दिसली नाही. ठरलेल्या मुदतीत वाहन पुन्हा दिसलं नाही की नोटीस आपोआप संपते. तशी ती संपली आणि व्हॅन घेऊन जाण्याचं पत्र यंत्राने बाईंना पाठवलं. मॅडम खूश झाल्या. चोर घाबरला असेल, त्या म्हणाल्या. कितीतरी दिवस व्हॅन आमच्या आवारात धूळ खात पडली, न्यायला कुणी आलं नाही. मग एका दुपारी नणंद आली.

ती मॅडमकडे गेली नाही, सरळ माझ्या टेबलाशी आली. वहिनी व्हॅन नको म्हणते, तिने सांगितलं. जागा लागते म्हणे. धंदा बसला, दवाखान्यांनी दुसरी माणसं धरली, तरी हिला फिकीर नाही. छपराखालची फरशी रोज सकाळी ओली असते. वर पत्रा धड आहे, खालून नळ जात नाही. नणंद दोनदा मुक्कामाला राहिली आणि दोन्ही वेळा तिला झोप लागली नाही, कारण बाहेर इंजिन बंद केल्यावर गाडी थंड होताना टिकटिकते, तसं काहीतरी टिकटिकत होतं.

"आणि बॅग भरून ठेवलीय तिनं," नणंद म्हणाली. "कुठं निघालीस विचारलं, तर म्हणते, साहेबांचं उत्तर येऊ दे, मग ठरवते."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. कुठले साहेब, मी विचारलं.

"तुम्ही. तुम्ही बघितलंय ना त्याला? ती म्हणते, तोच आहे असं एका माणसानं लिहून दिलं की मी निघाले. नसेल तर राहते." तिचा आवाज इथे पहिल्यांदाच खाली आला. "मला भाऊ परत नकोय का, साहेब? पण असा नको."

मी तिच्याकडे भावाचा फोटो मागितला. तिने फोनवर दाखवला. कुठल्यातरी लग्नातला, हसणारा, दाट भुवयांचा माणूस. मी तो हातात धरला आणि पडद्यावरची पट्टी उचलली. नणंदेला मात्र पाहू दिलं नाही, तेवढा नियम पाळला. पडदा भिंतीकडे वळवला. माझं सगळं आयुष्य अशाच दोन प्रती शेजारी ठेवून पाहण्यात गेलंय. भुवया जुळल्या. नाक जुळलं, कानाची पाळी जुळली, कपाळावरची खूण जुळली. एकही चूक सापडेना. आणि तरीही, अक्षर न् अक्षर बरोबर असलेलं एखादं पान भलत्याच पुस्तकातलं असावं, तसं मला वाटत राहिलं. लग्नातला माणूस कुणाकडे तरी पाहून हसत होता. पडद्यावरचा नुसता वाट पाहत होता.

तिला मी जा म्हणालो, आणि आज लिहितो असंही म्हणालो. तिला ते खरं वाटलं नसावं. मलाही वाटलं नव्हतं.

कार्यालयाचा कागद घेतला नाही, साधा घेतला. 'आपल्या पत्रास अनुसरून' लिहिलं नाही. पाहिलेलं लिहिलं तर कंत्राट जाईल हे मला ठाऊक होतं, आणि चुकलो तर त्याहून मोठं काहीतरी जाईल हेही. मी चुकू शकतो. म्हणून जे दिसलं ते आधी लिहिलं आणि जे वाटलं ते मागून.

"बाई, गाडीत एकच माणूस होता. ती नेहमी घराकडेच येत होती, परत कधी गेली नाही. चेहरा तुमच्या यजमानांचा आहे. मी खूण न् खूण ताडून पाहिली. पण त्याचं लक्ष रस्त्यावर नव्हतं. शेजारच्या रिकाम्या सीटवर होतं, आणि त्या सीटचा पट्टा त्यानं आधीच लावून ठेवला होता. जो माणूस घरी राहायला येतो, तो असं करत नाही. तोच आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. माझ्या डोळ्यांना जुळतंय, तरी देत नाही. पत्र मिळताच, आजच, व्हॅन घेऊन जा आणि संध्याकाळच्या आत तिच्या जागी, छपराखाली लावा. जागा रिकामी ठेवू नका. एवढ्या उशिरा लिहितोय, तरी हे वाचेपर्यंत तुम्ही घरी असाल असं धरून लिहितो."

खाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं. पाकीट चिकटवलं, पुन्हा फोडलं, 'आजच' या शब्दाखाली रेघ ओढली, आणि दुसऱ्या पाकिटात घातलं. मॅडमनी कुठे निघालात म्हणून विचारलं, तेव्हा पोस्टात, असं सांगितलं. कोपऱ्यावरच्या पेटीतलं टपाल न्यायला पोस्टमन आलेलाच होता. पेटीत टाकण्याऐवजी मी पाकीट सरळ त्याच्या हातात दिलं. त्याने पत्ता वाचला, पिशवीत टाकलं आणि सायकलवर टांग मारली.