तीन ताऱ्यांची दोन नावं

मी एक जुनी दुर्बीण आहे. अबू धाबीच्या अल रीम आयलंडवर, एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमध्ये, रिकाम्या सूटकेसांच्या मागे मी उभी असते. माझ्या तिपाईचा एक स्क्रू हरवला आहे आणि काचेच्या कडेला बुरशी धरली आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की बहुतेक शहाणपणाचं बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझी गोष्ट हेव्याची आहे. मी एका मोबाईल फोनवर जळत आले, आणि खरं सांगायचं तर अजूनही जळते.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. निळे हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझी काच उजेडाकडे धरून पाहिली, नळीत बसवली आणि मला थर्मोकोलमध्ये निजवलं. डोळे उघडले ते दुबईच्या दुकानात. तिथून २००६ साली सूर्यकांत नावाच्या गृहस्थांनी मला घरी आणलं. ते एका बांधकाम कंपनीत इंजिनिअर होते. दुबईच्या करामा भागातल्या एका बुटक्या इमारतीत ते, त्यांची पत्नी मृणालिनी आणि आठ वर्षांची मुलगी आभा राहत. खाली उडप्याचं हॉटेल होतं, त्यामुळे माझ्या कापडी पिशवीला कायम सांबाराचा वास येई.

ते माझे वैभवाचे दिवस होते. तिथे शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी ऑफिस सुटलं की आम्ही गाडी काढून वाळवंटात जात असू. सूर्यकांतांचे सहकारी, त्यांची मुलं, चहाचे थर्मास असा सगळा गोतावळा असे. अंधार पडला की माझ्यापुढे रांग लागायची. आभाने पहिल्यांदा शनीची कडी पाहिली तेव्हा ती डोळा काढायलाच तयार नव्हती. मागच्या मुलांची कुरकुर सुरू झाली, तरी सूर्यकांत तिला म्हणाले, "बघ, सावकाश बघ." ते उत्साहाने सांगत असत, हा ग्रह किती लांब आहे, त्याची कडी कशाची आहेत, माझी काच त्याला कितीपट मोठा करते. माझं नाव घेताना त्यांचा आवाज चढत असे. मला वाटायचं, आकाश म्हणजे मीच.

मग २००८ साल सरत आलं, जगभर मंदी आली आणि सगळं फिरलं. सूर्यकांत ज्या टॉवरच्या कामावर होते तिथल्या क्रेन एके दिवशी जागच्या जागी थांबल्या. साइटवर गाडी चालवणारा जमाल संध्याकाळी त्यांना सोडायला आला आणि दारातच म्हणाला, "साब, प्रोजेक्ट खलास." आठवड्याभराने कंपनीचं पत्र आलं. गाडी गेली, सोफा गेला, टीव्ही गेला. मलाही कोपऱ्यातून काढून दारापाशी ठेवलं होतं, पण लोक नोकऱ्या शोधत होते, तारे कोणाला हवे होते? करामा सोडून आम्ही दुबईच्या टोकाला, स्वस्त भाड्याच्या इंटरनॅशनल सिटीत गेलो. एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं राहायची, आणि मी पलंगाखाली.

खोकी, चपला आणि कांद्याची पिशवी यांच्यामध्ये मी तीन वर्षं काढली. त्या काळात सूर्यकांत बोलायचे थांबले. दिवसभर मुलाखतींसाठी फिरत, घरी येऊन भिंतीकडे बघत बसत. आभा काही विचारायला गेली की मृणालिनी तिला हळूच बाजूला घेई आणि बाबांना आत्ता नको, असं सांगे. आभा हळूहळू विचारेनाशी झाली. तिची भाषाही बदलली. शाळेत इंग्रजी, खेळायला इंग्रजी, मग घरातही इंग्रजी. आई मराठीत विचारी, लेक इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघींना त्यात काही वावगं वाटत नसे.

पुढे सूर्यकांतांना अबू धाबीत नोकरी मिळाली आणि आम्ही या रीम आयलंडवर आलो. घर चांगलं होतं. पण इथल्या दिव्यांच्या झगझगाटात तारे दिसत नाहीत, म्हणून मला कोणी बाहेर काढलं नाही.

आभा सोळा वर्षांची झाली आणि तिच्या हातात तो आला. काळा, चपटा, गुळगुळीत. त्याला निळं कव्हर मिळालं. तो रोज रात्री उशाशी झोपे. त्याच्या काचेवर बोटाचा ठसा उमटला तरी आभा ओढणीच्या टोकाने तो पुसून काढी. मित्रांनो, माझ्या काचेवरची बुरशी कोणी पाहिलीसुद्धा नव्हती. तरीही एवढं मी सोसलं असतं. पण एके दिवशी आभाने तो फोन बाल्कनीत आकाशाकडे धरला, आणि न दिसणारे तारेही त्याच्या पडद्यावर एकेक करून उमटले. तिथून माझी जळजळ सुरू झाली.

याला कारण होत्या डेल्फीन मिस. त्या आभाच्या शाळेत विज्ञान शिकवत. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांमध्ये लकोटा नावाचे लोक आहेत, डेल्फीन मिस त्यांच्यातल्या. एकदा त्या आमच्याकडे जेवायला आल्या, पिठलं-भाकरी हाताने खाल्ली आणि आपल्या आजीबद्दल बोलत राहिल्या. आजीचं नाव एग्नेस. लहानपणी तिच्या शाळेत लकोटा बोललं की शिक्षा होत असे, म्हणून तिच्या पिढीतल्या अनेकांनी आपल्या मुलांना ती भाषा शिकवलीच नाही. आता ती नीट बोलणारी माणसं थोडी उरली होती आणि बहुतेक म्हातारी होती. आजीला ताऱ्यांची जुनी नावं आणि त्यांच्या गोष्टी येत होत्या.

डेल्फीन मिसना ही नावं अमेरिकेतल्या आपल्या गावाकडच्या मुलांच्या फोनवर पोचवायची होती. फोन आकाशाकडे धरायचा, ताऱ्यावर बोट ठेवायचं, की आजीच्या आवाजात त्याचं नाव ऐकू येईल. गावातल्या जाणत्यांनी आणि आजीने होकार दिला होता. डेल्फीन मिसचा भाऊ तिकडे आजीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवी. इथे बंदी असल्यामुळे व्हिडिओ कॉल लागत नसत, पण आवाजाचे मेसेज येत. आभाला प्रोग्रॅमिंग येत होतं. शनिवारी दोघी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ते अ‍ॅप घडवत. आजीचा एक दंडक होता. ताऱ्यांच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगायच्या. बर्फ वितळला की तोंड मिटायचं. उरलेल्या गोष्टी पुढच्या हिवाळ्यात.

मी मात्र सूटकेसांमागून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, याला काय कळतं ताऱ्यांमधलं? याने शनीची कडी कधी पाहिली आहे? याला चंद्रावरचा एक खड्डा तरी दिसतो का? मी देवाकडे मागत असे की तो एकदा आपटावा.

जळणारी मी एकटी नव्हते. शनिवारी सूर्यकांत हॉलमध्ये पेपर धरून बसत, पण पान उलटत नसत. आभा डेल्फीन मिसना प्रश्नांवर प्रश्न विचारी, चुकलेला उच्चार पुन्हा पुन्हा घोटी, हसे. तसं हसणं बापाच्या वाट्याला कित्येक वर्षांत आलं नव्हतं. एकदा मृणालिनी त्यांना म्हणाली, "अहो, तुम्हीही बसा ना त्यांच्यात." ते म्हणाले, "माझं काय काम तिथे?"

जानेवारीत शाळेने अल ऐन शहराच्या पलीकडे वाळवंटात शिबिर ठेवलं. पालकांनाही बोलावलं होतं. सूर्यकांतांनी मला बाहेर काढलं तेव्हा माझा विश्वास बसेना. त्यांनी मला झटकलं, पुसलं, गाडीत घातलं. आज दाखवते त्या चपट्याला, असं मी ठरवलं. पण वाळूवर उभी केली आणि माझा एक पाय निसटला. सूर्यकांतांनी तो दोरीने बांधला आणि एका मुलाला बोलावून डोळा लावायला सांगितलं. त्या मुलाने पाहिलं आणि नम्रपणे म्हणाला, "अंकल, इट्स ऑल क्लाउडी." ढग आकाशात नव्हते, माझ्या काचेत होते. मुलगा निघून गेला. मग कोणी आलंच नाही. सूर्यकांत माझ्याजवळ उभे राहिले, एक हात माझ्यावर ठेवून.

तिकडे मुलांनी फोन वर धरले होते. पूर्वेला मृग नक्षत्र आलं होतं. आभाने त्यातल्या मधल्या तीन ताऱ्यांवर बोट ठेवलं आणि एक थकलेला, संथ आवाज वाळवंटात ऐकू आला. डेल्फीन मिस अर्थ सांगू लागल्या. हा तायामनी, ताऱ्यांचा मोठा प्राणी. वरचा कृत्तिकांचा पुंजका हे त्याचं डोकं, हे तीन तारे पाठीचा कणा, आजूबाजूचे दोन तेजस्वी तारे बरगड्या, आणि शेपूट अजून यायचं आहे. सगळे क्षितिजाकडे बघत थांबले. थोड्या वेळाने व्याधाचा तारा वाळूवर उगवला, आणि एवढी सगळी मुलं गप्प झाली.

माझ्यापुढे रांग असे तेव्हा मुलं भांडत, ढकलत. अशी गप्प कधी झाली नव्हती. त्या वेळी मला जो हेवा वाटला, तसा आधी कधी वाटला नव्हता.

परतताना गाडीत सूर्यकांतांचा बांध फुटला. "दुसऱ्यांच्या ताऱ्यांची नावं तोंडपाठ आहेत. आपलं एक तरी नाव येतं का तुला?"

आभा खिडकीबाहेर बघत होती. "बट यू नेव्हर टोल्ड मी, बाबा," ती म्हणाली. मग जरा थांबून, कित्येक दिवसांनी, मराठीत म्हणाली, "मी वाट बघत होते."

घरी आल्यावर सूर्यकांतांनी मला पुन्हा सूटकेसांमागे उभं केलं.

मार्च महिन्यात एके संध्याकाळी डेल्फीन मिस न कळवता आल्या. एग्नेस आजी गेली होती. मृणालिनीने त्यांना हाताला धरून बसवलं, चहा दिला. त्या रडल्या नाहीत. त्या सांगत होत्या की तिकडचा बर्फ वितळला म्हणून आजीने गोष्टी थांबवल्या होत्या. पुढच्या हिवाळ्यात सांगायच्या म्हणून ठेवलेल्या गोष्टी तिच्याबरोबर गेल्या. मग त्यांनी आभाच्या फोनवर एका ताऱ्यावर बोट ठेवलं. आजीचा आवाज आला. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा आला. सूर्यकांत दारात उभे राहून ऐकत होते.

त्या गेल्यावर ते आभासमोर येऊन बसले आणि अवघडून म्हणाले, "तुझ्या फोनमध्ये माझा आवाज बसेल का?"

आभाने फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घसा खाकरला, सुरुवात केली आणि अडखळले. मृग, कृत्तिका, रोहिणी ही पुस्तकातली नावं त्यांना येत होती. पण लहानपणी फलटणजवळच्या गावी, अंगणात गोधडीवर पडून ऐकलेली नावं आठवेनात. तेव्हा त्यांनी पुण्याला आपल्या थोरल्या बहिणीला, प्रभावतीआक्कांना फोन लावला. आई लवकर गेल्यामुळे आक्कांनीच त्यांना वाढवलं होतं.

आक्का आधी घाबरल्या, अवेळी फोन आला म्हणून. मग प्रश्न ऐकून म्हणाल्या, "सूर्या, तुझ्या तोंडून हे ऐकायला मला सत्तरी गाठावी लागली होय रे?" आणि त्या सांगत गेल्या. त्या तीन ताऱ्यांना तिकांडं म्हणायचं. तो बाण आहे, व्याधाने मारलेला, हरणाच्या पोटात रुतलेला. सप्तर्षींचे चार तारे म्हणजे म्हातारीचं बाजलं, आणि मागचे तीन ते पळवणारे चोर. आभा मध्येच हसली आणि तिने विचारलं, "मग आत्या, म्हातारी कुठे गेली?" आक्का म्हणाल्या, "ती अजून शोधतेय बघ." हसता हसता सूर्यकांतांनी चष्मा काढून डोळे पुसले.

आभाने डेल्फीन मिसना विचारलं, ही नावंही त्याच अ‍ॅपमध्ये घालू का? त्यांनी विचार करून सांगितलं, "ते माझ्या आजीच्या माणसांचं घर आहे. तू आपल्यासाठी दुसरं बांध. बांधायला मी येते." तसं दुसरं अ‍ॅप बांधलं गेलं. आक्का दर आठवड्याला काही ना काही आठवून सांगत, आणि नाही आठवलं तर शेजारणीला विचारून सांगत.

मित्रांनो, आता आभा शिकायला कॅनडात असते. तिथल्या थंडीत ती फोन आकाशाकडे धरते आणि तिकांड्याचा फोटो बापाला पाठवते. इकडे सूर्यकांत बाल्कनीत जाताना फोन घेऊन जातात. मला नेत नाहीत. मला वाईट वाटतं. काच साफ करून घेण्याचा विषय दरवर्षी निघतो आणि राहतो.

मी अजून त्या फोनवर जळते, पण का जळते ते आता मला कळलं आहे. मी इतक्या डोळ्यांना शनी दाखवला, पण त्यातलं काहीच माझ्यात साठलं नाही. माझ्यापाशी उभं राहून कोण काय बोललं, कोण हसलं, हे मी कोणाला ऐकवू शकत नाही. एग्नेस आजीचा आवाज मात्र तिच्या गावातली मुलं रोज ऐकतात.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. घरातल्या माळ्यावर माझ्यासारखी एखादी दुर्बीण असेल तर तिला जरूर पुसा, तिला बरं वाटेल. पण त्याआधी घरातल्या मोठ्या माणसाला हाताला धरून गच्चीवर न्या, एका ताऱ्याकडे बोट दाखवा आणि विचारा, याला तुमच्याकडे काय म्हणतात? पुढच्या हिवाळ्याची वाट बघू नका.