घार आणि लव्हाळा

घार : पंख उघडले की अख्खी पायरी झाकते.

लव्हाळा : दांडा तिधारी, गुळगुळीत. मुळं चिखलात.

रोहूची डोकी, रोज एक, नऊ दिवस.

शिवराम गुरुजींचा पिकलेला मोतीबिंदू.

पाच मिनिटं.

ती पाच मिनिटं तीन वर्षांपूर्वीची. रामघाटावर माझ्या बाबांचा दहावा होता. कावळा पिंडाला शिवेना. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय, कुणीतरी शब्द द्यायला हवा. मी द्यायला पुढे झाले, तर ढुंढिराजकाका म्हणाले, "ऋता, मागे हो. मुलींनी बोलायचं नसतं." पाच मिनिटांत त्यांनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला आणि जेवायला उठले. माझं न ऐकताच बाबा गेले.

आज काकांचा दहावा. त्याच पायरीवर.

नऊ दिवस इथेच, याच वेळी मी घारीला मासा टाकला होता. आजही ती आली. सगळे कावळे ओरडत तिच्या मागे लागले, पार मणिकर्णिकेच्या धुरापर्यंत. पिंडाकडे एकही फिरकेना.

"बाबा, पाठशाळा बंद करणार नाही," काकांचा मुलगा देवव्रत हात जोडून म्हणाला. थोड्या वेळाने, "घरही विकत नाही."

"यजमानांना ताटकळत ठेवायची सवयच ढुंढिराजची," गुरुजी म्हणाले. "आता खुद लाइनमध्ये उभा आहे."

"ताई, तू बोल ना. तुझ्यावरच अडलं असेल."

"मुलींनी बोलायचं नसतं," मी म्हटलं.

देवव्रतने पुन्हा पिंडापुढे हात जोडले.

पण घार भरवशाची नाही. पोट भरलं की निघून जाते, आणि कावळे परततात. तिला सगळे बघतात, हाकलतात. लव्हाळ्याकडे कोण बघतं? वाळवला की दर्भात खपून जातो; पण मुक्ती देतो तो फक्त दर्भ.

"गुरुजी, ऊन चढलं. दर्भाचाच करा," मी म्हटलं आणि पिशवीतली जुडी पुढे केली. वरुणेकाठच्या दलदलीतून उपटून ती मी गच्चीवर वाळवली होती.

गुरुजींनी घाईने गाठ मारली, चोच काढली, पिंडाला टेकवली. "झालं. सुटला."

देवव्रतने माझा हात धरून डोळे पुसले. मी हात सोडवला नाही. कावळे परतले तेव्हा पिंड नदीत गेलेला होता.

दर्भ बोटाला कापतो, लव्हाळा कापत नाही, हे मला काकांनी शिकवलं. तेव्हा मी सहा वर्षांची होते.