लिलाववाल्याची बहीण

लिलाववाला म्हणजे बोली पुकारून दुसऱ्याचा माल विकणारा. शब्दाचा अर्थ एवढाच, पण कादंबऱ्यांत तो दगडी काळजाचा असतो. कुणाचं घर मोडायचं असलं की लेखक त्याच्या हाती हातोडा देतात आणि मालकिणीच्या रडण्याकडे बघू नको म्हणून बजावतात. आमचा लिलाववाला उंदीर मेला तरी हळहळतो. तो माझा धाकटा भाऊ.

मी त्याच्याच घरी राहते, बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर. भावजय वाईट नाही, पण मी पाण्याचा ग्लास उचलला तरी तिची मान वळते. मी कामाला होते तो कपड्यांचा कारखाना बंद पडला आणि तिथलं मी चालवायचे ते काजं करायचं मशीन लिलावात निघालं. ते मिळालं तर बाजारातले सगळे शिंपी काजांसाठी माझ्याकडे येतील, मी स्वतःची खोली घेईन, एवढंच डोक्यात होतं. गाठीला थोडं होतं, फार नव्हतं.

घरच्यांसाठी त्याला बोली लावता येत नाही. पण तो म्हणाला, "ताई, मी त्या मशीनचं कौतुकच करणार नाही. कोण कशाला पुढे येतंय?"

एरवी तो तुटक्या नळाचेही गोडवे गातो. मशीनची पाळी आली तेव्हा त्याने पडेल आवाजात नुसतं नाव घेतलं, जुनंच आहे म्हणाला आणि खाकरला. मी हात वर केला. मागे खुर्च्या सरकल्या.

नेहमीची गिऱ्हाइकं त्याला पुरती ओळखून. हा बडबड्या गप्प बसला म्हणजे माल अस्सल आहे आणि कुणासाठी तरी राखलाय, असं त्यांनी ताडलं. तो जितका मलूल झाला तितकी बोली चढली. तो घामाघूम झाला, पण पुकारा सुरू झाल्यावर वस्तू मागे घेता येत नाही. शेवटी माझा हात खाली आला. तिसऱ्या पुकाऱ्याला त्याचा आवाज फाटला आणि हातोडा पडला. त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं.

मशीन चौकातल्या शर्टवाल्याने घेतलं. तो माझ्याजवळ आला.

"एवढ्या जिद्दीने बोली लावत होतात, म्हणजे चालवता येत असणार. माझ्याकडे माणूस नाही. उद्यापासून याल?"

मी पगार विचारला. त्यात खोली बसत नव्हती. वर भाऊ हातोडा धरून आमच्याकडेच बघत होता, पुढची वस्तू पुकारायचं भान त्याला नव्हतं. माझं मशीन, माझे हात आणि मालक हा शर्टवाला. नाही म्हणून मी कुठे जाणार होते?

"येते," मी म्हणाले.