फ्रेंचमधली मदत

नात दीपमाला जळगावच्या कॉलेजात फ्रेंच शिकते. सुट्टीत सोनगीरला आली, तेव्हा इंग्रजीतल्या ‘हेल्प’ला फ्रेंचमध्ये काय काय म्हणतात ते तिने मला शिकवलं. बुडणाऱ्याने ओरडायचा शब्द वेगळा, सरकारी मदतीचा वेगळा, समोरच्याला अदबीने विचारायचा आणखी वेगळा. एवढ्या भांडवलावर मी चहाच्या टपरीवर जाहीर केलं, की पॅरिसवाले अडले तर मलाच फोन करतात.

आठवडाही झाला नाही, तोच हायवेवर एका फ्रेंच बाईच्या सायकलचं चाक निखळलं. अख्खी टपरी मला पुढे घालून निघाली.

"नाना, आज दखाडाच तुमनी फ्रेंच!" चहावाला नवल म्हणाला.

उभ्या गावात माझी इज्जत पणाला लागली. मी बाईंसमोर उभा राहिलो, डोळे मिटले आणि शब्द निवडू लागलो. बुडणाऱ्याचा नको, सरकारी तर नकोच. शेवटी सापडला. डोळे उघडले आणि बिनचूक फ्रेंचमध्ये म्हणालो, "मी आपल्याला मदत करू का?"

पण आमच्याकडे कुणी विचारत बसतं का? तोवर नवलने चाक बसवलं होतं, रस्त्याकडेच्या शेतातल्या झुंबरबाईने भाकरी-ठेचा वाढला होता आणि बाई जेवायला बसल्या होत्या. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना माझी दया आली असावी. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी माझ्याकडे धरायला दिलं.

मी ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो.

नवल जवळ आला. "नाना, जड शे का? हात लावू?"